बहुधा निळे पुस्तक

रमजानच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी रोजा सोडताना, दुसरा खजूर अद्याप तोंडात असतानाच, टपाल खात्यातील निवृत्त कारकून श्री. हार्जितो यांनी आपल्या पत्नीस असे जाहीर केले की, येत्या ईदेपूर्वी आपण एक पुस्तक शोधून काढणार आहोत.

"कोणतं?" सुमियातीबाईंनी विचारले.

"रेडिओ बनवण्याचं."

"नाव काय त्याचं?"

"ते आठवत नाही."

"लिहिणाऱ्याचं?"

"तेही नाही."

"मग आठवतंय तरी काय?"

हार्जितो यांनी खजुराची बी शिस्तीने बशीच्या कडेला ठेवली. "निळं होतं," ते म्हणाले, आणि प्रामाणिकपणाला बाध येऊ नये म्हणून पुढे म्हणाले, "बहुधा."

"अहो, चष्मा डोक्यावर ठेवून तो अख्ख्या घरात शोधणारा माणूस तुम्ही. आणि हे सापडणार?"

या प्रश्नात जी वेदना दडलेली होती तिच्याकडे दुर्लक्ष करून हार्जितो यांनी तिसरा खजूर घेतला. पुस्तक सापडणे अगत्याचे होते, आणि त्याची कारणे बाईंना सांगण्याजोगी नव्हती. वाचकांना मात्र ती सांगणे क्रमप्राप्त आहे.

मलांग शहरातल्या आमच्या मंगिस गल्लीच्या तोंडाशी हार्जितो यांचे थोरले बंधू श्री. सुवोंदो राहतात. साखर कारखान्याच्या यंत्रघरात पस्तीस वर्षे काढल्यामुळे त्यांचे कान गेले. कानात घालायचे यंत्र आहे, पण ते शिट्टी मारते म्हणून बहुतेक वेळ खणातच विश्रांती घेत असते. ईद झाली की चौथ्या दिवशी त्यांची मुलगी त्यांना कायमचे बालिकपापानला, म्हणजे समुद्रापलीकडे, घेऊन जाणार आहे. सामान आवरताना त्यांना कपाटावर पत्र्याची एक पेटी सापडली. तीत जुने ट्रान्झिस्टर, तांब्याची तार, कंडेन्सर असा ऐवज होता. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बहिऱ्या माणसांच्या वरच्या आवाजात म्हटले, "पुस्तक असतं ना हार्जितो, तर जायच्या आधी शेवटच्या धड्यातला रेडिओ केला असता. तेवढाच राहिला बघ. पण त्या चोर पोनिदीनं नेलं."

पोनिदी हा सुवोंदोंचा जिवलग मित्र. सन एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये दोघे सतरा वर्षांचे होते आणि त्या काळच्या सर्व तरुणांप्रमाणे त्यांनाही रेडिओ बनवण्याचे वेड लागले होते. पुस्तक नाहीसे झाले तेव्हा सुवोंदोंनी पोनिदीला भर गल्लीत चोर म्हटले, आणि दोन आठवड्यांत पोनिदीचे कुटुंब गल्ली सोडून गेले.

पोनिदीने पुस्तक नेले नव्हते. ही गोष्ट, खुद्द पोनिदी सोडला तर, जगात एकाच माणसाला निश्चित माहीत होती असे तो माणूस धरून चालला होता, कारण ते पुस्तक त्या माणसाने स्वतः, वयाच्या अकराव्या वर्षी, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्याला पुड्या बांधण्यासाठी देऊन टाकले होते. मोबदल्यात त्याला दोन पुड्या शेंगा मिळाल्या होत्या. त्या माणसाच्या तोंडात या क्षणी तिसरा खजूर होता.

का दिले, याचे उत्तर साधे आहे. थोरले दोघे त्याला पुस्तकाला हात लावू देत नसत. "तुला कळायचं नाही, तू नुसती सोल्डरची तार धर," असे म्हणत. त्याने एक संपूर्ण पावसाळा तार धरली. एके दिवशी तार धरायचेही काम नाही, बाहेर जा, असे सांगण्यात आले. बाहेर शेंगावाला उभा होता.

आमच्याकडे ईदेच्या सकाळी धाकट्याने थोरल्यापुढे गुडघे टेकावे, त्याच्या मांडीवर कपाळ ठेवावे आणि जाणता-अजाणता घडलेल्या सर्व अपराधांची क्षमा मागावी, अशी रीत आहे. या वाक्याची थोरवी अशी की त्यात सर्व अपराध सामावतात आणि एकही दिसत नाही. हार्जितो यांनी ते एकोणपन्नास ईदांना म्हटले होते. दरवर्षी म्हणताना त्यांना शेंगांचा वास येई. ही पन्नासावी, आणि या घरातली शेवटची. त्यांचा बेत असा होता की त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मिळवावी, बंधूंच्या हाती ठेवावी आणि एवढेच म्हणावे की, "मास," म्हणजे दादा, "सापडलं." कुठे, कसे, कुणाकडे, हे तपशील आनंदाच्या भरात वाहून जातील असा त्यांचा कयास होता.

प्रथम त्यांनी शेजाऱ्यांना विचारले. ही पहिली चूक.

थोरामोठ्याच्या तोंडावर "नाही" म्हणणे आमच्याकडे असभ्य मानले जाते. "तुमच्याकडे रेडिओचं एखादं जुनं, निळं पुस्तक आहे का?" असे मशिदीच्या ओसरीवर विचारताच तिथे बसलेले सातही जण म्हणाले, "हो, हो, असेल की! बघतो." आणि शब्दाला जागून त्यांनी खरोखर पाहिले. दुसऱ्या दिवसापासून, नेमक्या रोजा सोडण्याच्या वेळेला, हार्जितोंच्या ओसरीवर पुस्तके येऊ लागली. पहिले बदकपालनावरचे होते. ते निळे होते. दुसरे ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे. तिसरी सुराबाया शहराची दूरध्वनी-यादी. "रेडिओ नाही, पण तारेचाच प्रकार," आणणाऱ्याने समजावून सांगितले. पुस्तक आणणारा दारात उभा असताना बांग झाली, तर त्याला न जेवू घालता पाठवणे शक्य नसते. नारळाच्या दुधात शिजवलेली गुळाची केळी सुमियातीबाई रोज चार वाट्या करत असत, त्या आठवड्याभरात अकरा करू लागल्या.

"पुस्तक एक," त्या वाट्या विसळत म्हणाल्या, "आणि केळ्यांचे घड तीन. शोधताय कुणाला, पुस्तकाला की जेवणाऱ्यांना?"

गल्लीप्रमुख श्री. बसुकी यांनी पुस्तक आणले नाही. त्यांनी माहिती आणली. "पाक, ते निळं नव्हतंच," ज्येष्ठांना आम्ही देतो ती 'पाक' ही आदराची हाक देऊन ते ठामपणे म्हणाले. "लाल होतं. वर एरियलचं चित्र." प्रसंग घडला तेव्हा बसुकींचा जन्म झालेला नव्हता, परंतु त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासात काही उणीव आलेली दिसली नाही. "आणि एवढी पायपीट कशाला? सरकारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनी पुस्तकं गठ्ठ्यांनी पडलीत. तिथे जा."

हार्जितो गेले. आयुष्यभर त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने जगाला "हा अर्ज अपुरा आहे" असे सांगितले होते. आता ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते, आणि तिथून खिडकी किती उंच दिसते हे त्यांना प्रथमच कळले. आतल्या बाई अत्यंत गोड होत्या. मागची खोली उघडू, शोधू, का नाही? फक्त राहत्या गल्लीच्या प्रमुखाचे पत्र आणावे.

पत्राचा नमुना छापील होता, आणि त्यात पत्र मागण्याची कारणेही छापील होती: विवाह, मृत्यू, स्थलांतर, वर्तनाचा दाखला, सार्वजनिक मेजवानी, हरवलेली वस्तू. पुस्तक वाचण्याची इच्छा हे कारण त्यात नव्हते. बसुकींनी लेखणी फिरवत बराच वेळ विचार केला.

"मेजवानी लिहू?"

"वाचनालयात?"

"मग मृत्यू?"

"कुणाचा?"

"तेही खरं. हरवलेली वस्तू लिहितो. पुस्तक हरवलंच आहे की नाही?"

"हरवलंय, पण..."

"झालं तर!" बसुकींनी खूण केली. आणि मग त्यांना आठवले की त्या खुणेला पोलीस चौकीतल्या नोंदीचा क्रमांक लागतो.

इथे एखादा शहाणा माणूस घरी परतला असता. परंतु हार्जितो यांच्यात आणि शहाणपणात या वेळी बसुकी उभे होते. त्यांनी स्कूटर बाहेर काढली, पाकना मागे बसवले, आणि "आपल्या गल्लीतल्या ज्येष्ठाला एकटं कसं जाऊ द्यायचं" असे म्हणत थेट चौकी गाठली.

चौकीतला शिपाई तरुण आणि नम्र होता. रोज्यामुळे त्याचे ओठ सुकले होते. त्याने संगणक उघडला.

"वस्तू?"

"पुस्तक."

"केव्हा हरवलं, पाक?"

"एकोणीसशे एकोणसत्तर."

शिपायाने बोटे उचलली. "म्हणजे आज सकाळी नाही."

"नाही."

संगणक सन दोन हजारच्या मागचे काही स्वीकारत नव्हता. तेव्हा सर्वांच्या सोयीसाठी ती चोरी एकतीस वर्षे पुढे ढकलण्यात आली.

"कुणावर संशय?"

हार्जितो यांनी श्वास आत घेतला. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. विचारायचे काही कारणच नव्हते. उत्तर एका शब्दाचे होते. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता की नव्हता हे आता कुणी सांगू शकणार नाही, कारण तेवढ्यात बसुकी म्हणाले, "पोनिदी. आख्ख्या गल्लीला माहितीय. पाक सुवोंदो दर ईदेला सांगतात."

शिपायाने टंकलेखन सुरू केले.

आता "तसे काही नाही" एवढेच म्हणायचे होते. पण परक्यासमोर, सरकारी माणसासमोर, आपल्याच गल्लीप्रमुखाला खोटे पाडायचे म्हणजे काय? हार्जितो यांनी त्यासाठी एक सौम्य, आडवळणाचे, बसुकींचा मान राखणारे वाक्य मनात जुळवायला घेतले. ते वाक्य जुळून आले तेव्हा कागद छापून बाहेर पडला होता आणि त्याच्यावर शिक्का बसला होता.

बसुकी कर्तव्यदक्ष गृहस्थ. चौकीच्या पायरीवरच त्यांनी कागदाचा फोटो काढला आणि शहरातल्या गल्लीप्रमुखांच्या फोनवरच्या गटात पाठवला: "सदर संशयित कुठे राहतात, कळवावे." दुपारपर्यंत उत्तर आले. नदीपलीकडे, पुलाजवळ, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे दुकान. तिथल्या प्रमुखाने त्यांना कागद दाखवलासुद्धा होता.

संध्याकाळी सुमियातीबाईंच्या फोनवरही तो कागद आला. त्या तो हातभर लांब धरून वाचत उभ्या राहिल्या. बांग झाली. हार्जितोंनी खजूर उचलला नाही.

"अहो. पोनिदी चोर आहेत का?"

हार्जितो बशीकडे पाहत राहिले.

"मी विचारतेय."

"शेंगा," ते म्हणाले.

"काय?"

मग त्यांनी सांगितले. सगळे सांगितले: तार, पावसाळा, शेंगावाला, दोन पुड्या. बाई ओरडल्या असत्या तर त्यांना बरे वाटले असते. बाईंनी पळी भांड्यात ठेवली, झाकण घातले आणि म्हणाल्या, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. त्या माणसाचं नाव मी तुमच्या भावाच्या तोंडून दर ईदेला ऐकते आणि दरवेळी मान डोलावते. माझी मानसुद्धा खोटी केलीत तुम्ही." त्यांनी खजुरांची बशी नवऱ्यापुढे सरकवली. "उद्या सकाळी जा. आणि त्या बदकांच्या पुस्तकासारखं काही घेऊन जाऊ नका. नुसते जा."

पोनिदींचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. भिंतीवर उघडी पोटे असलेले टीव्ही रांगेत मांडलेले होते आणि दारात पिंजऱ्यात एक होला घुमत होता. पोनिदी सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी हार्जितोंना पाहिले, ओळखले आणि अत्यंत आदबीने खुर्ची पुढे केली. या आदबीची धार काय असते, ती आमच्याकडच्या माणसालाच कळते.

"बसा. चहा विचारायची सोय नाही, रोजा आहे. चोराच्या घरचा असला तरी रोजाच."

"पाक पोनिदी, मी..."

"कागद सुंदर टाईप केलाय. सन दोन हजार साली मी नेलं म्हणे. दोन हजार साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. टाके पडलेले असताना चोरी करणं म्हणजे मेहनतीचं काम."

पोनिदी उठले, आतल्या कपाटातून मेणकापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले आणि ती कामाच्या टेबलावर, सोल्डरच्या शेजारी, ठेवली.

"पाच वर्षांनी सुराबायाला जुन्या बाजारात मिळालं. तेच. तीच आवृत्ती. म्हटलं, जाऊन सुवोंदोच्या अंगावर फेकावं. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो मी. एकदा नाही, तीनदा. आणि तीनदा परत गेलो."

"का?"

"दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते? बघा, आणून दिलं परत. म्हणजे नेलं होतंच." ते हसले, हसू मिशीपर्यंतच पोचले. "चोर नसलेल्या माणसाला चोरीचा माल परत करता येत नाही हो. म्हणून ठेवलं."

हार्जितोंनी मेणकापड उलगडले. मुखपृष्ठ पिवळे होते. पिवळेजर्द, निळ्याचा कुठे ठिपकाही नव्हता.

"हे निळं नव्हतं का?"

"तुम्हाला कसं आठवणार?" पोनिदी म्हणाले. "नीट पाहिलं कधी होतंत तुम्ही? तुमच्या हातात दिलंच नाही आम्ही."

हे ते सहज, जरा ओशाळूनच म्हणाले. आणि त्या ओशाळेपणापुढे हार्जितोंचा उरलासुरला बांध फुटला.

"मीच दिलं," ते म्हणाले. "शेंगावाल्याला. मीच."

होला घुमायचा थांबला. निदान हार्जितोंना तसे वाटले.

पोनिदींनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला. "मला वाटायचं, त्यानंच लपवलं," ते म्हणाले. "सुवोंदोनं. शेवटचा रेडिओ एकट्यानं करायचा म्हणून. तो मला चोर म्हणत होता आणि मी त्याला लबाड. दोघं नदीच्या दोन काठांवर. आणि शेंगा तुम्ही खाल्ल्यात."

"मला चार शब्द सुनावा, चाक." लहानपणी हार्जितो त्यांना असेच, थोरल्या भावासारखे, हाक मारत. ती हाक आपोआप तोंडातून निघून गेली.

"अकरा वर्षांच्या पोराला आता कुठून सुनावू? तो गेला कधीच. समोर बसलाय त्याला बीपी आहे." पोनिदींनी पुस्तक पुन्हा मेणकापडात गुंडाळले. "ईदेला मी स्वतः घेऊन येईन. दारात उभा राहीन. आधी तुम्ही बोलायचं. सगळ्यांसमोर. मला म्हटलं होतं तेही सगळ्यांसमोरच म्हटलं होतं."

ईदेच्या सकाळी सुवोंदोंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली आत होती, अर्धी अंगणात रांग धरून. बिस्किटांच्या, केळ्यांच्या वेफरांच्या, शेंगदाण्यांच्या बरण्या उघड्या होत्या. सुवोंदो वेताच्या खुर्चीत नव्या बाटिक सदऱ्यात बसले होते. गर्दीत यंत्र फार शिट्ट्या मारते म्हणून ते खणात होते. आलेल्या प्रत्येकाला ते "माझ्याकडूनही क्षमा, माझ्याकडूनही" असे मोठ्याने म्हणत होते.

हार्जितोंची पाळी आली. त्यांनी गुडघे टेकले, कपाळ मांडीवर ठेवले आणि पन्नासाव्यांदा ते वाक्य म्हटले.

"माझ्याकडूनही, माझ्याकडूनही," सुवोंदो म्हणाले आणि पाठीवर थोपटले. म्हणजे आता उठावे. मागच्याने पाऊल पुढे टाकलेसुद्धा.

हार्जितो उठले नाहीत. "मास, ते पुस्तक मी दिलं होतं," ते त्या मांडीला म्हणाले.

"काय?"

"पुस्तक! मी शेंगावाल्याला दिलं!"

"काय शेंगा?"

"शेंगा, मास! शेंगा!"

"त्या बरणीत आहेत. घे ना. विचारतोस काय?"

रांगेतून कुणीतरी बरणी पुढे सरकवली. हार्जितोंनी ती बाजूला केली, मान वर केली, आणि ज्या माणसाने टपालाच्या खिडकीतसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता त्या माणसाने छाती भरून हाक दिली: "पुस्तक पोनिदीनं नेलं नाही! मी विकलं! शेंगांसाठी!"

बसुकींच्या तोंडातले बिस्किट तोंडातच राहिले. जेवढे ऐकून घेण्याजोगे होते तेवढे सर्वांनी ऐकले, आणि ज्यांच्यासाठी ते होते ते सुवोंदो कानामागे हात धरून म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल."

सुमियातीबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी खण उघडला, यंत्र काढले, दिराच्या कानात बसवले आणि शिट्टी थांबेपर्यंत फिरवले. "आता सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकदाच. नीट."

या खेपेला हार्जितोंनी ते हळू आवाजात सांगितले, आणि आधीच्या सगळ्या खेपांपेक्षा हे अधिक कठीण गेले.

सुवोंदोंनी कानातले यंत्र एकदा चाचपले. मग म्हणाले, "माहितीय."

"काय?"

आता ऐकू न येण्याची पाळी धाकट्याची होती. सुवोंदोंनी पायाशी बांधून ठेवलेली पत्र्याची पेटी वर घ्यायला लावली. तारांच्या खालून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. तो तेलकट होता आणि चुरगळून पुन्हा सरळ केलेला होता. पुस्तकाचे एक पान. समासात पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात, कॉईलचे वेढे किती ते लिहिलेले.

"पुस्तक गेल्यावर बारा दिवसांनी मी शेंगा घेतल्या," ते म्हणाले. "खाल्ल्या. पुडी उलगडली, तर माझंच अक्षर. शेंगावाल्याला विचारलं, कुणी दिलं? म्हणाला, तुझ्या धाकट्यानं."

"मग... बोलला का नाहीस, मास?"

"काय बोलू? आख्ख्या गल्लीसमोर त्याला चोर म्हणून बसलो होतो. त्याचं सामान हातगाडीवर चढत होतं. मला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, पत्ता मिळाला की सांगू. मग नोकरी लागली." त्यांनी पान मांडीवर सपाट केले. "दर ईदेला तू खाली वाकलास की वाटायचं, हा आता सांगेल. म्हणजे मलाही सांगता येईल. तू सांगायचा नाहीस. तेव्हा मी पुन्हा त्याला चोर म्हणायचो. सवयीनं."

"मी आलोय," दारातून आवाज आला.

गर्दी दोन बाजूंना झाली. मेणकापडाची गुंडाळी छातीशी धरून पोनिदी उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

सुवोंदो थोरले, थोरल्याने कुणापुढे वाकायचे नसते. परंतु पोनिदी त्यांच्याहून चार महिन्यांनी मोठे आहेत, ही गोष्ट त्या खोलीत दोघांनाच आठवत होती. सुवोंदो खुर्चीवरून उठले आणि खाली बसू लागले. त्यांचे गुडघे यंत्रघरातच संपले होते. त्यांना खाली बसवायला दोन माणसे लागली. कपाळ पोनिदींच्या मांडीला टेकवून ते काय म्हणाले ते कुणालाही ऐकू आले नाही. मोठ्याने बोलायची खोड असलेला तो माणूस त्या दिवशी प्रथमच हळू बोलला.

पोनिदी कठोर चेहऱ्याने उभे होते. मग त्यांची मिशी हलली.

"ऊठ," ते म्हणाले. "तुझा गुडघा मोडला तर तोही माझ्याच नावावर लावतील."

उठवायला तीन माणसे लागली. त्यांतले एक बसुकी होते. पोलिसांतली नोंद रद्द करण्यासाठी कोणता कागद लागतो, हे ते उठवता उठवता सांगत होते.

ईदेच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे सुवोंदो जाण्याच्या आदल्या सकाळी, तिघे जण अंगणातल्या टेबलाशी बसले. पिवळे पुस्तक शेवटच्या धड्यावर उघडलेले होते. पोनिदींच्या हाताला अलीकडे कंप असतो; तापलेली सोल्डरिंगची कांडी त्यांनी दोनदा टेकवली आणि दोनदा डाग भलतीकडेच पडला. सुवोंदोंना बारीक अक्षर दिसत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तू घे," पोनिदी हार्जितोंना म्हणाले.

"मी?"

"मी वाचून सांगतो. हा तार धरेल."

आणि सुवोंदोंनी सोल्डरची तार धरली. हार्जितोंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला डाग दिला. दुसऱ्याच डागाला त्यांनी अंगठा भाजून घेतला. "तार हलवू नकोस, मास," ते एकदा म्हणाले आणि स्वतःच दचकले. सुवोंदोंनी तार हलवली नाही. सुमियातीबाईंनी चहा आणून ठेवला, तिघांच्या पाठी पाहिल्या आणि त्या आत गेल्या.

दुपारच्या बांगेपूर्वी काम झाले. एरियलची तार आंब्यावर टाकली. कानात घालायचा इअरफोन हार्जितोंनी घातला, कारण सुवोंदोंच्या कानांना तो उपयोगाचा नव्हता आणि पोनिदींनी "आधी तू" म्हटले. त्यांनी चकती हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग उलट फिरवली. त्या लहरींवरची आमच्याकडची केंद्रे एकेक करून केव्हाच बंद झाली होती. हे तिघांनाही ठाऊक होते. तिघांनाही आठवले नव्हते.

"काय म्हणतोय?" सुवोंदोंनी विचारले.

हार्जितोंनी भावाच्या तोंडाकडे पाहिले. "गाणं लागलंय" असे म्हणणे अगदी सोपे होते. त्यांना ऐकू येणार नव्हते. उद्या ते जाणार होते.

"काही नाही, मास. नुसती खरखर."

सुवोंदोंनी पोनिदींकडे पाहिले. पोनिदींनी मान डोलावली.

"खरखर येते म्हणजे रेडिओ बरोबर झालाय, गाढवा," सुवोंदो म्हणाले. "त्यात काही चूक नाही." त्यांनी पेटीतले ते तेलकट पान काढले, पुस्तकात त्याच पानावर ठेवले आणि पुस्तक मिटले. "आपणच उशीर केला."

"आण इकडे," पोनिदी म्हणाले. त्यांनी इअरफोन कानात घातला, डोळे मिटले आणि ती खरखर ऐकत बसले.